आई-वडील घरीच राहणार असतील तर : देखभालीची घडी कोणत्या क्रमाने बसवायची

उद्या डिस्चार्ज आहे असं डॉक्टर सांगतात आणि संध्याकाळी घरच्यांची धावपळ सुरू होते. एक जण देखभालीची माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन लावून २४ तासांची पगारी मावशी ठरवतो, दुसरा हॉस्पिटलचा पलंग भाड्याने आणतो, परदेशातली बहीण व्हीलचेअर मागवून टाकते. आठवडाभरात कळतं की व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून आत जातच नाही, रात्रीच्या जागरणाला कंटाळून मावशी निघायच्या बेतात आहे आणि बाबा रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी रोज दोनदा घेत आहेत. सगळ्यांनी मनापासूनच केलं, पण नंतरची कामं आधी उरकली.

मावशी ठेवणं हे या यादीतलं पाचवं काम आहे. त्याआधीची चार कामं झाली नसतील तर चांगली मावशी मिळूनही उपयोग होत नाही. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ज्यांना मदतीची गरज आहे, पण रोज दवाखान्यात राहण्याइतकी नाही, अशा आई-वडिलांसाठी हे आहे. घाई असेल तर पहिले चार टप्पे दोन-तीन दिवसांत उरकता येतात. मात्र त्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १ : काय जमतं आणि काय जमत नाही ते लिहून काढा

‘बाबांना आता जमत नाही’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. नेमकं काय जमत नाही, दिवसा की रात्री, आणि कुणी नुसतं शेजारी उभं राहिलं तर जमतं का, हे कळायला हवं.

दोन याद्या करा. पहिली अंगाच्या कामांची : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, लघवी-संडासवर ताबा, पलंगावरून खुर्चीत बसणं, हाताने जेवणं. दुसरी घर चालवण्याच्या कामांची : स्वयंपाक, गोळ्या घेणं, पैशांचा हिशेब, फोन, बाजारहाट, एकट्याने बाहेर जाणं. प्रत्येक कामापुढे तिन्हीपैकी एक लिहा : ‘स्वतः करतात’, ‘कुणी जवळ असेल तर करतात’, ‘दुसऱ्याने केल्याशिवाय होत नाही’. मधल्या रकान्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. खरी देखभाल तिथेच लागते आणि तिथेच आपण घाई करून त्यांच्या हातातलं काम काढून घेतो. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागत असतील तर लागू द्या. बटणं आपण लावायला लागलो की दोन महिन्यांत ते काम तिसऱ्या रकान्यात जातं.

हे सांगोवांगी लिहू नका. एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र कुणीतरी जवळ राहून बघा. रात्री किती वेळा उठतात, दिवा लावतात का, भिंत धरून चालतात का, हे दिवसा येऊन भेटून जाणाऱ्याला कधीच कळत नाही. शिवाय पाहुणे आले की म्हातारी माणसं ताठ बसतात आणि ‘मला काही होत नाही’ म्हणतात. स्वयंपाकघरात एक फेरी मारा. फ्रिजमध्ये चार दिवसांची भाजी, एकाच वस्तूच्या तीन पिशव्या, करपलेलं पातेलं दिसलं तर त्याची नोंद करा.

तपासा : हात असलेल्या खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. चाल नेहमीचीच ठेवायची, नेहमीची काठी घेतली तरी चालेल. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा. चाचणी घेताना शेजारी उभे राहा.

सावधान : एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, माणसं न ओळखणं, दिवसभर झोप आणि रात्रभर बडबड असं झालं तर ते वयावर ढकलू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवी गोळी अशी कारणं निघतात आणि ती बरी होणारी असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यात उरकायची. आई-वडिलांना विचारायचं. आंघोळ कुणाच्या हातून चालेल, देवपूजा स्वतः करायची आहे का, कोणती खोली सोडायची नाही, कशाची लाज वाटते, हे सगळं विचारून लिहा. त्यांच्यामागे ठरवलेली व्यवस्था ते पहिल्या आठवड्यातच मोडीत काढतात, आणि ते स्वाभाविक आहे.

टप्पा २ : सूत्रं एकाच्या हातात द्या

तीन भावंडं आहेत आणि तिघंही लक्ष घालतात, असं असतं तेव्हा प्रत्येकाला वाटतं की रिपोर्ट दुसऱ्याने आणले असतील. डॉक्टरांना तिघांचे फोन जातात, मावशीला तिघं तीन तऱ्हा सांगतात. म्हणून एक सूत्रधार ठरवा. तो त्याच शहरात असावा, किंवा निदान तासा-दोन तासांत पोचू शकणारा असावा. सगळी कामं त्याने स्वतः करायची नसतात. कोणतं काम कुणाकडे आहे आणि ते झालं की नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं. तो आजारी पडला किंवा गावाला गेला तर कोण, तेही आत्ताच ठरवा.

लांब असलेल्यांनाही नेमकी कामं देता येतात : विम्याचे कागद, बिलं ऑनलाइन भरणं, औषधं मागवणं, रोज ठरलेल्या वेळी बाबांशी व्हिडिओवर बोलणं. पुण्यात आई आणि मुलगा न्यूजर्सीत असेल तर भारतात रात्री काही झाल्यावर पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरलेलं हवं. मुलाचा नंबर पहिला असून उपयोग नाही.

पैशांचंही याच बैठकीत बोला. कोण किती देणार, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, ते लिहा. हे बोलणं अवघड जातं म्हणून ते पुढे ढकललं जातं आणि सहा महिन्यांनी भाऊबीजेला त्यावरून वाद होतो.

मग एक वही घ्या. जाड पुठ्ठ्याची, फुलस्केप. ॲप नको आणि व्हॉट्सॲपचा ग्रुपही नको, कारण ग्रुपवरचा रिपोर्ट शुभ सकाळच्या फुलांखाली दबून जातो आणि मावशीच्या फोनवर तो ग्रुप नसतोच. वहीच्या पहिल्या पानावर हे हवं :

– पूर्ण नाव, वय, रक्तगट, वजन
– आजार आणि ते केव्हापासून, झालेली ऑपरेशनं, स्टेंट किंवा पेसमेकर
– कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे (मोठ्या अक्षरात, लाल शाईने)
– फॅमिली डॉक्टर, इतर डॉक्टर, कोणत्या हॉस्पिटलात न्यायचं
– विमा किंवा कार्डाचा क्रमांक
– सूत्रधार, पर्यायी माणूस आणि शेजारी यांचे फोन

दुसऱ्या पानावर गोळ्यांची यादी येणार आहे. ते पान आत्ता कोरं ठेवा.

टप्पा ३ : एक डॉक्टर आणि गोळ्यांची झडती

हृदयाचे एक, मधुमेहाचे दुसरे, गुडघ्यांचे तिसरे, डोळ्यांचे चौथे. प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते, पण चारही चिठ्ठ्या एकत्र करून कुणीच बघितलेल्या नसतात. हे काम करणारा एक डॉक्टर लागतो. तो शेजारचा फॅमिली डॉक्टर असेल तर उत्तम, वृद्धांच्या आजारांचा तज्ज्ञ मिळाला तर आणखी चांगलं. घरी येऊन तपासतील का, फोनवर बोलतील का आणि रविवारी कुणाला विचारायचं, हे तीन प्रश्न आधीच विचारा.

भेटीच्या आदल्या दिवशी घरातली झाडून सगळी औषधं टेबलावर ओता. कपाटातली, उशीखालची, पर्समधली, देवघरातल्या डब्यातली. डोळ्यांचे थेंब, मलम, इन्सुलिन, चूर्ण, काढे, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, मेडिकलवाल्याने ‘घ्या, चालतं’ म्हणून दिलेली पट्टी, सगळं. मग प्रत्येक पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. दोन पट्ट्यांवर तेच मूळ नाव निघालं तर तीच ती दोनदा जाणारी गोळी. हॉस्पिटलने एका कंपनीची लिहून दिलेली असते, घरात जुनी दुसऱ्या कंपनीची असते आणि आई दोन्ही इमानाने घेते.

हा सगळा ढीग पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. यादी करून नेण्यापेक्षा पिशवी बरी, कारण यादीत आपण चूर्ण लिहीत नाही. डॉक्टरांना हे विचारा :

– यातली कोणती गोळी आता बंद करता येईल?
– झोपेच्या, सर्दी-ॲलर्जीच्या किंवा चक्करेच्या गोळीने तोल जात असेल का?
– अंगदुखीची गोळी किडनी आणि रक्तदाबाला चालेल का?
– प्रत्येक गोळी जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस?
– एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी काय करायचं?

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का, तेही याच भेटीत विचारा.

तपासा : रक्तदाब बसून किंवा आडवं असताना मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना घेरी येऊन पडण्याचा धोका असतो. हे आकडे डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बसवून एकदाच मोजलेल्या रक्तदाबात हे दिसत नाही.

सावधान : झडती घेतली म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या, फिट्सच्या, स्टिरॉइडच्या आणि हृदयाच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी पक्की केलेली एकच यादी आता वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. वर तारीख टाका. जुन्या चिठ्ठ्या फाइलमध्ये ठेवा आणि जुन्या पट्ट्या घरातून काढून टाका. ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून ठेवलेली पट्टीच पुढे घोळ करते. सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार कप्पे आणि सात दिवस असा २८ खणांचा डबा आणा. तो आठवड्यातून एकदा, यादी समोर ठेवून, एकाच माणसाने भरायचा. गोळी चुकली का हे बघायला मग खण बघितला की झालं.

इन्सुलिन असेल तर न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरायला काढलेली बाटली साधारण २८ दिवसांनी टाकून द्यायची असते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साखर ७० च्या खाली गेली, दरदरून घाम, थरथर, गोंधळ झाला तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा.

टप्पा ४ : घर, आणि त्यातही आधी बाथरूम

घर बदलताना लोक हॉलपासून सुरुवात करतात. तुम्ही बाथरूमपासून करा. तिथे पाणी, साबण, गुळगुळीत फरशी आणि बंद दार हे सगळं एकत्र असतं.

कमोडच्या शेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के ठोकलेले आधारदांडे लावा. टॉवेलचा दांडा धरून उठायची सवय असेल तर तो काढूनच टाका. तो टॉवेलासाठी असतो, माणसाचं वजन पडलं की खिळ्यांसकट निघतो. टाइल्सना नुसते चिकटणारे रबरी चकतीचे दांडेही भरवशाचे नाहीत. आंघोळीला पाटाऐवजी रबरी पायांची प्लास्टिकची पाठ असलेली खुर्ची द्या. बादली जमिनीवर ठेवली की वाकावं लागतं, म्हणून ती स्टुलावर ठेवा किंवा हाताचा शॉवर बसवा. देशी संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते.

आतली कडी बदला. बाहेरून नाणं किंवा चावीने उघडेल अशी कडी बसवायला सुताराला तासभर लागतो. माणूस आत पडला आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर त्याचं अंगच दाराला अडतं. जमलं तर दार बाहेर उघडेल असं करून घ्या.

मग पलंग ते बाथरूम या वाटेवरून स्वतः रात्री चाला, दिवे न लावता. जे पायात येतं ते काढायचं : पायपुसणी, चार्जरच्या वायरी, चहाचं छोटं टेबल. वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. भाड्याने आणलेला पलंग बहुधा उंच असतो. मागून बंद असलेली चप्पल द्या, पट्ट्याची सपाता नको.

व्हीलचेअर घ्यायचीच असेल तर टेप घेऊन आधी दारं मोजा, नंतर दुकानात जा. लिफ्टही मोजा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही आणि ते ऐन वेळी कळून उपयोग नसतो. खुर्चीत बसवून खाली न्यायची वेळ आली तर कोण दोघं-तिघं मदतीला येतील, हे वॉचमनशी बोलून ठेवा.

आपल्याकडच्या घरांत एक धोका जागेवरच असतो, तो म्हणजे देवघरातलं निरांजन. सुती लुगड्याचा किंवा ओढणीचा पदर वाकताना ज्योतीवर येतो. देव्हारा कमरेच्या उंचीवर आणा आणि बसून पूजा होईल अशी खुर्ची समोर ठेवा. पूजा बंद करा म्हणायची गरज नाही. विसरायची सवय लागली असेल तर मात्र निरांजन कुणी शेजारी असतानाच लावायचं आणि गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करायचा.

तपासा : घराची एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे आहे का? ऑक्सिजन काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं यंत्र) असेल तर वीज गेल्यावर काय, याची सोय झाली आहे का?

टप्पा ५ : आता माणूस ठेवा

पहिल्या टप्प्यातली यादी काढा. तिसऱ्या रकान्यात काय काय आहे त्यावरून कोणता माणूस लागेल ते ठरतं. स्वयंपाक-झाडलोट एवढंच अडत असेल तर घरकामाच्या बाई आणि पोळ्यांच्या मावशी पुरतात. आंघोळ, कपडे, उठवणं-बसवणं यासाठी देखभालीच्या मावशी किंवा मामा लागतात. इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग ही कामं शिकलेल्या नर्सची. ती रोज लागत नसतील तर नर्सला ठरावीक दिवशी भेटीपुरतं बोलवा आणि बाकीचा दिवस मावशींकडे द्या. यात बराच पैसा वाचतो. उलट मावशींना नळी बदलायला लावण्यात दोघांनाही धोका आहे.

‘२४ तास’ म्हणजे २४ तास जागं राहणं नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती बाई झोपणार. रात्री तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर दिवसाची आणि रात्रीची अशी दोन माणसं लागतात, १२-१२ तासांची. एकाच माणसावर दोन्ही पाळ्या टाकल्या की ते दोन आठवड्यांत निघून जातं आणि आपण म्हणतो, ‘हल्ली माणसं टिकत नाहीत.’

ब्यूरोशी बोलताना हे लेखी घ्या : नोंदणीची रक्कम आणि ती परत मिळते का, आठवड्याची सुट्टी, सुट्टीला बदली कोण, माणूस न पटल्यास किती दिवसांत दुसरं, पगार थेट माणसाला की ब्यूरोमार्फत, जेवणाचं काय. आधार कार्डाची प्रत घ्या आणि पोलीस पडताळणी करून घ्या. ब्यूरो ‘आम्ही केली आहे’ म्हणाला तर कागद मागा.

पहिले तीन दिवस घरचं कुणीतरी दिवसभर घरी राहायला हवं. आंघोळ कशी घालायची, कोणता पाय दुखतो, चहात साखर किती, कानाचं मशीन कसं बसवायचं, हे करून दाखवा. मग ते वहीत मराठीत लिहा. मावशींना वाचता येत नसेल तर गोळ्यांच्या खणांवर सूर्य आणि चंद्र काढा. मावशींना सूचना फक्त सूत्रधाराने द्यायच्या. त्यांची झोपायची जागा, त्यांचं जेवण, फोन करायची वेळ नीट ठरवा. आई ‘तिला चहा कपातच द्या’ म्हणते की फुटक्या पेल्यात, यावरही ती बाई टिकते की नाही ते अवलंबून असतं.

सावधान : एटीएमचा पिन, दागिने, सह्या केलेले चेक यांची जबाबदारी देखभालीच्या माणसावर कधीच टाकू नका. वरखर्चाला थोडी रक्कम आणि तिचा हिशेब वहीत, एवढं पुरे. कॅमेरा लावायचा असेल तर हॉलमध्ये, सगळ्यांना सांगून लावा. कपडे बदलतात त्या जागी आणि बाथरूममध्ये नाही. अंगावर न सांगता येणारे वळ, माणूस जवळ आला की दचकणं, एकाएकी गप्प होणं दिसलं तर आई-वडिलांशी एकट्याने बोला. मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

टप्पा ६ : रोजची आणि आठवड्याची घडी

इथे थोडक्यात आटोपतं, कारण अवघड कामं मागे झाली. वहीत रोज एक पान : गोळ्या झाल्या का, काय खाल्लं, पाणी किती, संडास झाली का, झोप कशी, चालले किती. रक्तदाब आणि साखर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच मोजा. काहीजण दिवसातून सहा वेळा मोजतात आणि आकड्यांनीच रक्तदाब वाढवतात. वजन महिन्यातून एकदा. पाळी बदलताना जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याला पान वाचून दाखवायचं.

फिजिओथेरपिस्ट, घरी येऊन रक्त घेणारा लॅबवाला, नर्स यांचे वार ठरवा आणि एकाच दिवशी तिघांना बोलवू नका. माणूस थकतो. रक्ततपासणी डॉक्टरांच्या भेटीच्या दोन दिवस आधी करा, म्हणजे रिपोर्टसाठी दुसरी फेरी पडत नाही.

पूर्ण अंथरुणावर असलेल्यांची कूस निदान दर दोन तासांनी बदला. कंबर, टाचा, खवे रोज बघा. दाबूनही लाली जात नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात आहे. नळीने भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवा.

आणि आठवड्यात निदान दोनदा बाहेरचं माणूस दिसलं पाहिजे. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, भजनाची मंडळी, जुने ऑफिसवाले. हे देखभालीच्या यादीत लिहूनच ठेवा, नाहीतर राहून जातं.

टप्पा ७ : कागद आणि पैसे

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत घेण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ ला झाली. त्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. घरात पती-पत्नी दोघेही ७० च्या पुढे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असलेल्यांना आपली ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एक निवडावं लागतं. मावशींचा पगार, डायपर, घरची फिजिओथेरपी यातून मिळत नाही. मेडिक्लेममधल्या ‘डोमिसिलरी’ या कलमाचाही असाच गैरसमज होतो. हॉस्पिटलात करावे लागले असते असे उपचार काही कारणाने घरी केले, तर त्यासाठी ते असतं. मावशींच्या पगारासाठी नाही. म्हणजे महिन्याचा खर्च खिशातूनच जाणार, असं धरून बजेट मांडा.

निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बँकेत उचलून न्यायची गरज नाही. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरी येऊन मूलभूत सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगितलं आहे. शाखेत जाऊन अर्ज द्या.

सही होते आहे तोवर खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं करून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णय घेण्याची मानसिक क्षमता गेली की ते आपल्या कायद्यात संपतं, आणि लोकांना ते नेमकं त्याच वेळी हवं असतं.

सावधान : ‘आत्ताच घर मुलाच्या नावावर करा, सोपं पडेल’ हा सल्ला ऐकून बक्षीसपत्र करू नका. वकिलाशी बोला. करायचंच असेल तर देखभाल करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, हेही आई-वडिलांना शुद्धीत असताना विचारता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. विषय काढायला जीभ रेटत नाही, हे खरं. पण पुष्कळदा आई-वडीलच सुटकेचा निःश्वास टाकतात.

टप्पा ८ : आणीबाणीचा कागद

फ्रिजवर एक कागद चिकटवा. १०८, ११२, सूत्रधार, शेजारी, हॉस्पिटलचं नाव आणि घराचा पत्ता खुणेसकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

तोंड वाकडं, एक हात लुळा किंवा बोलणं जड झालं तर तो पक्षाघात असू शकतो. घड्याळ बघा आणि वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलातच थेट न्या. आधी फॅमिली डॉक्टर, मग दुसरीकडे, असं करत बसू नका. पाणी, गोळी काही पाजू नका.

पडल्यावर लगेच बगलेत हात घालून ओढू नका. कुठे दुखतं ते विचारा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर माणूस हसतबोलत असला तरी दवाखान्यात न्या.

टप्पा ९ : हॉस्पिटलातून परत आणताना

बसवलेली घडी बहुतेकदा इथेच विस्कटते. दाखल होण्याआधीची यादी, आतली औषधं आणि डिस्चार्ज कार्डावरची औषधं अशा तीन याद्या होतात. म्हणून जुनी यादी वहीसकट हॉस्पिटलात न्या आणि डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून प्रत्येक ओळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘डोस बदलला’ असं लिहून घ्या. पुढची तारीख, टाके काढायचा दिवस, काय झालं तर परत आणायचं आणि रात्री कुणाला फोन करायचा, तेही विचारा. पहिल्या टप्प्यातले तिन्ही रकाने पुन्हा भरा, कारण आठ दिवस पलंगावर पडलेल्या माणसाचे पाय आधीसारखे राहिलेले नसतात. हेच रकाने एरवीही दर तीन महिन्यांनी भरायचे.

घरी थांबलेल्याने तोवर बंद झालेल्या पट्ट्या बाजूला काढाव्यात, डबा नव्या यादीप्रमाणे भरावा आणि बदल मावशींना सांगावेत. त्याचा ‘झालं’ असा फोन आला की मग खाली गाडी बोलवा.